पाय बुडवून या

फाटकाशी अर्धं कापलेलं निळं पिंप,
तळाला गोणपाट, वर धुण्याच्या सोड्याचं पाणी.
पाटीवर खडूनं, श्रावस्तीच्या अक्षरात:
पाय बुडवून या.
'वू' तिनं आधी ऱ्हस्व काढला होता,
मग थुंकी लावून पुसला.

अकरा गाई. बलवडीच्या खाली, येरळेकडच्या उतारावर.
पहाटे साडेचारला मी कोपरापर्यंत हात धुते.
प्रत्येकीचं फडकं निराळं:
चंदीच्या कडेला लाल दोरा,
इंजिनीचं शाळेच्या जुन्या गणवेशाचं.
पहिल्या चार धारा काळ्या वाटीत,
गुठळी दिसली की ती गाय शेवटी.
धार काढून झाली की सडाला आयोडीन
आणि लगेच पुढ्यात कडवळ,
म्हणजे अर्धा तास तरी ती बसत नाही.
सडाचं तोंड उघडं असतं तोवर.
हे मी फुकट शिकले नाही,
बुटकीचा एक सड गेला तेव्हा शिकले.

डॉक्टर बुडवतात पाय. टँकरवाला कुरकुरत बुडवतो.
माझा सख्खा भाऊ सांगोल्याच्या बाजारातून पाडी घेऊन आला
तेव्हा मी ती एकवीस दिवस ओढ्यापलीकडं बांधली,
बाभळीखाली, वेगळ्या बादलीनं पाणी.
भाऊ जेवला, पण बोलला नाही.

हिंदुराव आबा, दूध संस्थेचे चेअरमन,
पिंपाशी थांबले.
"पायताणं नवी हायती माझी.
आन् मला *तू* सांगणार, पाय बुडीव म्हणून?"
जोर 'तू'वर होता. पायताणावर नव्हता.
मी म्हटलं, आबा, गाईंसाठी आहे.
ते फिरले.
त्या पंधरवड्यात माझ्या दुधाची फॅट तीन-सहावरून तीन-एकला आली.
गाई त्याच. वैरण तीच.

ह्याच आबांच्या वडलांच्या गोठ्यात
माझी आजी शेण काढायची.
गाईखालचं शेण तिच्या हातचं चालायचं,
गाईचं दूध तिच्या हातचं चालायचं नाही.
कामाचं ताक तिच्या ओंजळीत वरून ओतायचे,
वीतभर उंचीवरून,
आणि सांडलं तर सांडणारी तीच.

दिवाळी सरली आणि वरच्या आळीत लाळ्या-खुरकूत उतरलं.
माझ्यांना लस टोचून झालेली.
आबांनी "गाभण हायती" म्हणून टाळलेली.
त्यांच्या सहा गाई, तोंडातून तारा लोंबणाऱ्या,
वैरणीला हुंगून मान फिरवणाऱ्या, खूर झटकणाऱ्या.

रात्री हाक आली. बॅटरी मारली
तर रस्त्यापल्याड आबा,
पिंपापासून दहा पावलांवर. अनवाणी.
"म्या आत येत न्हाई.
माझ्या अंगाकापडाला लागलं असंल ते.
डॉक्टरचा फोन लागंना.
तुझ्याकडं ती जांभळी पुडी हाय का, तोंडं धुवायची?"

आत येऊ नका, हे मला म्हणावंच लागलं नाही.

पुडी आणली, तुरटी आणली, अर्धा किलो सोडा.
रस्त्याकडेच्या धोंड्यावर ठेवलं,
चार पावलं मागं सरले
आणि म्हटलं, आता घ्या.
म्हटल्यावर मला ते ऐकू आलं.

आबा वाकले. त्यांनाही ऐकू आलं असेल.
किंवा नसेल, सहा गाई होत्या डोक्यात.
मी सांगत गेले: पाणी फिकट गुलाबी ठेवा, गडद नको.
दिवसातनं तीनदा तोंड. खुरं सोड्यानं.
वासरं तोडा. बादली कुणाला देऊ नका,
कुणाची आणू नका.
ते नुसते "हां, हां" करत राहिले,
पुडी छातीशी धरून.

ते गेल्यावर धोंड्यावर सोड्याचं पाणी ओतलं.
हात धुतले. जंतूसाठीच धुतले,
साबण दोनदा लावला.
जिथं आबा उभे होते तिथं
मातीत अनवाणी पावलं नीट उमटली होती,
त्यांच्यावर चुना भुरभुरताना
मला वेळ लागला.

पिंपातलं पाणी सकाळी बदलायचं होतं.
ते मी रात्रीच बदललं.